फिरलीय लय, वाजली नाय

"ही फिरलीय लय, वाजली नाय जास्त," चाचा म्हणाले आणि चष्मा कपाळावर ढकलून मामाकडे बघत बसले. मामा, दादा आणि मी, तिघंही बंदुकीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एका बाकावर दाटीवाटीनं बसलेलो, समोरच्या टेबलावर सतरंजी दुमडून टाकलेली आणि तिच्यावर नानांची, म्हणजे माझ्या आईच्या वडलांची, रायफल. खोलीत तेलाचा, जुन्या फडक्याचा आणि शेजारच्या टपरीवरून येणाऱ्या आल्याच्या चहाचा असा मिक्स वास. मामाला वाटलं चाचा किंमत पाडायला बोलतायत, म्हणून तो लगेच म्हणाला, "अहो चाचा, बिबट्या मारलाय हिनं." चाचांनी मान हलवली, ना हो ना नाही, आणि पुन्हा नळीला डोळा लावला. विषय तिथंच संपला खरं तर. पण मला ते वाक्य काही केल्या सोडेना, गंगापूर रोडच्या सिग्नलला उभा होतो तरी डोक्यात तेच.

कारण आमच्या घरात बिबट्या म्हणजे बिबट्या होता. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलं की रात्री गच्चीवर गाद्या पडायच्या, खालून भांडी बाजारातली शटरं ओढल्याचे आवाज यायचे आणि ते थांबले की नाना सुरू व्हायचे. हरसूलकडचं जंगल, पडलेलं साग, कुठल्या तरी पाड्यावरची ओरडाओरड, मग ते पिवळे डोळे. प्रत्येक वर्षी बिबट्या वीतभर लांब व्हायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे नाना हातानं लिव्हर ओढायची अ‍ॅक्शन करायचे, खाली खटाक, वर खटाक, तो आवाज ते तोंडानं काढायचे आणि आम्ही पोरं चादरीत घुसायचो. मी शाळेत हा बिबट्या इतक्यांदा सांगितलाय की शेवटी शेवटी त्यात मीच मचाणावर बसलेलो असायचो. त्यांचं नेहमीचं शेवटचं वाक्य म्हणजे, "बहात्तरचा कायदा आला म्हणून थांबलो, नाहीतर..." त्या नाहीतरच्या पुढे काय ते कधी आलं नाही. रायफल मात्र आम्हाला दाखवायचे नाहीत. कपाटावर वर, जुन्या धोतरात गुंडाळलेली, तिचा फक्त लांबडा आकार माहीत.

नाना गेले तेव्हा लायसन त्यांच्या नावावर, म्हणजे रायफल घरात ठेवायचा प्रश्नच नाही, ती पोलिसात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करावी लागते. मामानं डीलरकडे टाकली, पावती मामीनं देवघरातल्या डब्यात ठेवली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. आता विषय पुन्हा निघाला कारण वारस म्हणून मामानं अर्ज करायचा का, विकायची का, का काय, हे एकदाचं ठरवायला पाहिजे. आणि ठरवायला आधी तिची कंडिशन कळायला पाहिजे. गंमत अशी की आम्हा तिघांना तिची तीन वेगवेगळी कंडिशन पाहिजे होती. मामाला ती पार मेलेली पाहिजे होती. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की जुनी, बंद पडलेली बंदूक असेल तर लायसन लागतच नाही, नुसती भिंतीला लावा. दादाला ती चकाचक पाहिजे होती, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये काचेच्या शोकेसमध्ये, वर छोटा एलईडी. आणि मला ती बिबट्या मारलेली पाहिजे होती. हे मी तिथं बोललो नाही अर्थात.

चाचा दुकानाचे मालक नाहीत, मिस्त्री आहेत, मालकाच्या वडलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी हात लावल्या लावल्या पहिलं काय केलं तर नळीचं तोंड भिंतीकडे केलं, लिव्हर खाली ओढली आणि आत करंगळी घालून चाचपडले. या जातीच्या रायफलला काडतुसांची नळी मेन नळीच्या खाली, तेवढीच लांब, तिच्यात एखादं काडतूस वर्षानुवर्षं अडकून बसलं तरी बाहेरून पत्ता लागत नाही म्हणे. काही नव्हतं. आणि हो, तो खटाक. नानांच्या तोंडचा खटाक जरा जास्तच मोठा होता, खरा आवाज बारीक, कोरडा, दोन तुकड्यांत येतो. मग त्यांनी कागद फाडला, पांढरा, बिलबुकातला, तो घडी करून उघड्या ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, सरकवला आणि पुढून नळीत बघितलं. टॉर्च मारला तर नळी उगाच चमकते, खरं दिसत नाही, कागदाचा उजेड चांगला, असं त्यांचं म्हणणं. मलाही बघायला दिलं. पहिल्यांदा नुसताच करडा गोल दिसला, मग डोळा सरावल्यावर पिळाच्या रेषा दिसायला लागल्या, तोंडाशी अगदी धारदार, आणि आत आत, जिथं काडतूस बसतं तिकडे, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे खड्डेच खड्डे. ही विंचेस्टरची 1892 मॉडेलची कार्बाईन, म्हणजे आखूड रायफल, हिच्यात मागून गज सरळ जात नाही, त्यामुळे साफ करायची तर गज पुढूनच घालावा लागतो. जी रायफल खूप वाजते ती खूप वेळा पुसली जाते आणि गज घासून घासून तोंडाजवळच्या रेषा आधी जातात. हिच्या तोंडाच्या रेषा शाबूत. आणि खड्डे मागे, कारण जुन्या काडतुसांच्या कॅपमधल्या मसाल्याचं जळून मीठच होतं, ते आतल्या आत पाणी ओढतं, गरम पाण्यानं धुतलं नाही की गंज धरलाच. म्हणजे वाजवलीय थोडी, पण वाजवून झाल्यावर धुतली नाही, तशीच धोतरात गुंडाळली. शिकारी माणूस असं करत नाय, चाचा म्हणाले. एकदम सहज, पान लावावं तसं.

मामा मोबाईल बघायला लागला.

बाकी तपासणी त्यांनी फारशा गप्पा न मारता केली, मीच मधे मधे विचारत होतो. घोडा अर्ध्यावर चढवून अंगठ्यानं जोरात पुढे दाबला, सुटला नाही. लिव्हर मिटली की ब्रीचच्या दोन्ही बाजूंनी दोन उभे पोलादी खिळे वर येतात, तेच बार उडताना ब्रीच धरून ठेवतात, त्यांची डोकी वरच्या पृष्ठभागाशी सपाट आली पाहिजेत, खाली राहिली तर आतून झिजलीय समजायचं. सपाट होती, बोट फिरवलं तरी जाणवली नाहीत. स्क्रूंच्या खाचा बघितल्या, एक सोडून बाकी सगळ्या सरळ, म्हणजे कोणी उघडलेली नाही. दस्ता अक्रोडाचा, मनगटाशी, जिथं तो लोखंडात शिरतो तिथं लाकूड काळंकुट्ट आणि जरा मऊ. मला वाटलं जळलंय. तर ते तेल. नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवली की वरचं सगळं तेल वर्षानुवर्षं खाली उतरतं आणि लाकूड ते पीत बसतं, शेवटी भुसभुशीत होतं. एक केसाएवढी चीरही होती तिथं. मेन स्प्रिंग मात्र थकलेली. बाहेरून म्हणाल तर निळी झाक जवळपास कुठेच उरलेली नाही, सगळं तपकिरी, जांभळट, आपल्या जुन्या वाड्यांच्या कड्या-कोयंड्यांना असतो तोच रंग. अमेरिकेत अशा जुन्या बंदुकांच्या कंडिशनला ठरलेले शब्द आहेत, एक्सलंट, फाईन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. त्यात गुड म्हणजे बऱ्यापैकी खालची पायरी. आमची गुड आणि फेअरच्या मधे कुठेतरी. दादाचा चेहरा पडला, तो फेअरला चांगलं समजत होता.

मग चाचांनी ती उलटी करून डावी बाजू माझ्यापुढे धरली. कार्बाईनला डाव्या अंगाला एक कडी असते, घोड्यावरच्या माणसाला खोगिराला अडकवायला. ती कडी लोंबती असते. आणि तिच्याखाली पोलादावर एक अर्धा चंद्र कोरलेला, स्वच्छ, गुळगुळीत, त्या सगळ्या तपकिरीत तेवढाच पांढरा. नक्षी नाही ती. माणूस चालला की कडी हलते, हलली की घासते. पोलादावर एवढा चंद्र पडायला किती चालायला लागत असेल? आणि दुसरी जागा म्हणजे ब्रीचच्या जरा पुढे, खालून, जिथं धरलं की रायफल हातात तोलून राहते, पुढे पडत नाही मागे पडत नाही. तिथला रंग पार गेलेला आणि कडा बोथट. चाचांनी माझा हात धरून तिथं ठेवला. बोटं आपोआप बसली. वजन अडीच किलोच्या आसपास असेल, फार नाही, पण दिवसभर नेलं तर खांद्याला कळणारं.

उजव्या बाजूची गोष्ट वेगळीच. तिकडे गंजाचे बारीक खड्डे, पण फक्त तिकडेच, डावीकडे एकही नाही. म्हणजे उजव्या कुशीवर ओल्यात पडून होती. काडतुसं भरायची झडपही त्याच बाजूला. चाचांनी दात कोरायची काडी झडपेत घालून फिरवली तर करडी बारीक माती निघाली, कागदावर ठेवून त्यांनी बोटानं चोळली, वाळू नाही, मऊ. गाळ. मामा पहिल्यांदा मोबाईलमधून वर आला. "एकोणसत्तरचा पूर," तो म्हणाला. तेव्हा तो लहान होता, त्याला आठवतं ते एवढंच की सगळ्यांना वरच्या मजल्यावर ढकललं होतं आणि खालच्या खोलीतली तांब्या-पितळेची भांडी पाण्यात एकमेकांवर आपटल्याचा आवाज रात्रभर येत होता. भांडी मोजून आणली, धान्य वाळवलं, वह्या वाळवल्या, हे सगळं घरात शंभरदा सांगितलं गेलंय. रायफल भिजल्याचं कोणीच कधी बोललं नाही. नाशिककरांना पुराचं काही विशेष नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं एवढं विचारायचं आणि चहा टाकायचा, 2016 ला झालं, 2019 ला झालं. पण 69 चा गाळ जर आजही झडपेत बसलेला असेल तर याचा अर्थ त्यानंतर ती कोणी उघडून पुसलीच नाही. आणि मग बहात्तरच्या कायद्यानं थांबवलं कोणाला? मी हा हिशोब मनातल्या मनात केला आणि मला नानांचा राग यायला पाहिजे होता, तो आला नाही, उलट हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईट वाटलं.

घरी आल्यावर मामानं ट्रंक काढली. जुन्या लायसनच्या मागच्या पानांवर काडतुसं घेतल्याच्या नोंदी असतात, शिक्क्यासकट. होत्या, पण अर्धं पानसुद्धा भरलेलं नाही, सगळ्या पन्नासच्या दशकातल्या आणि पुढे कोरं. त्यातही आश्चर्य नाही म्हणा. हिचं काडतूस .44-40, म्हणजे चाळीस ग्रेन काळी दारू, अडीच ग्रॅमच्या वर थोडी, आणि पुढे तेरा ग्रॅमची मऊ शिशाची गोळी, मूळ 1873 चं डिझाईन. आपल्या खडकीच्या फॅक्टरीत बारा बोअरची शक्तिमान काडतुसं होतात, ती हिला काय कामाची. विलायती माल येईनासा झाला की असली रायफल म्हणजे काठी. तर आम्ही ती पानं बघत बसलेलो आणि मामी पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाली, "शिकारीला कुठं, पगाराला न्यायचे ना." आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. तिला सासूबाईंनी सांगितलेलं. नाना लाकडाच्या कंत्राटदाराकडे मुनीम, पेठच्या बाजूला कुपांवर, म्हणजे जंगलतोडीच्या जागांवर, मजूर, त्यांचा पगार रोख, आणि ती पिशवी पोचवायचं काम नानांचं. सावळ घाटाच्या पुढे गाडी जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत, मग पायी. शेठनंच सांगितलेलं बंदूक घ्या म्हणून, देवळालीचा कोणी साहेब सामान विकून निघाला होता त्याच्याकडून घेतलेली. पगाराच्या दिवशी नाना घरी येईस्तोवर आजी जेवायची नाही. "भित्रे होते हो फार," मामी म्हणाली, "मांजर आडवं गेलं तरी थांबायचे." आणि पोहे दिले.

म्हणजे तो चंद्र पगाराच्या वाटेवरचा. एका हातात पिशवी, एका हातात ही, आणि घासणारी कडी, किणकिण वाजतही असेल, त्या आवाजाचीच सोबत वाटत असेल किंवा भीतीही. हे मला बिबट्यापेक्षा जास्त आवडलं का? खरं सांगायचं तर त्या दिवशी नाही आवडलं. चाळिशीच्या माणसाचा बिबट्या काढून घेतल्यावर त्याला लगेच काही आवडत नाही. आणि बिबट्याला पूर्ण निकालात काढता येत नाही हेही आहे, एका बारानं नळीवर काय खूण राहणार, एक तरी बार लागलाच असेल कुठेतरी. आता तर बिबट्या उसातून उठून थेट कॉलनीत येतो, लोक बाल्कनीतून व्हिडिओ काढतात, त्यामुळे भेटला तर नक्कीच असेल. मारला की दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले, ते त्या दोघांनाच माहीत.

मामा तर या शोधानं जरा चिडलाच. त्याचं म्हणणं, चाचा काय ज्योतिषी आहेत का, कडीच्या घासण्यावरून माणूस भित्रा का शूर ते सांगायला. बरोबरच आहे, चाचा तसं म्हणालेच नव्हते. आणि मामाला नानांबद्दल बोलताना मी अडवावं असं कुठलं नातं मला दिलेलंय. मी गप्प बसलो.

दादाशी मात्र मी भांडलो. त्याचा प्लॅन असा की तांबट गल्लीतल्या ओळखीच्याकडून बफिंग मारून घ्यायचं, मग काळंनिळं ब्लूइंग, दस्त्याला पॉलिश पेपर आणि मेलामाईन. आपल्याकडे ही सवय हाडात आहे, जुनी वस्तू दिसली की चिंच घेऊन बसायचं, भांडं चकचकलं नाही तर घरात बाई नाही का म्हणतात. भांड्याला ठीक आहे, त्यात पाणी प्यायचंय. पण आपल्या अंजनेरीला नाण्यांची ती संशोधन संस्था आणि म्युझियम आहे ना, तिथं शाळेची ट्रिप घेऊन गेलेल्या कोणालाही विचारा, जुनं नाणं घासू नका हे ते पहिलं सांगतात. बंदुकीचंही तेच. बफिंगचं चाक लावलं की आधी अक्षरांच्या कडा जातात, मग स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात, लाकूड घासलं की ते लोखंडापेक्षा खाली बसतं, जाणत्याला लांबून कळतं. शिवाय तो चंद्र जाईल. दादा म्हणाला, "जाऊदे ना, ओरखडाच आहे." त्याला मी काय सांगणार, तो मामीच्या पोह्यांच्या वेळी फोनवर होता. चाचांचा सल्ला साधा होता, सुती फडकं, पातळ तेलाचा हात, गंजाची वाढ थांबवायची आणि बाकी काही करायचं नाही. आणि उभी ठेवायची नाही, आडवी.

रात्री उगाच वाचत बसलो तेव्हा आणखी एक कळलं. हिचं डिझाईन जॉन ब्राउनिंगचं, युटातल्या ऑग्डनचा माणूस, विंचेस्टरला त्यानं 1886, 1892, 1894 अशी एकामागोमाग मॉडेलं दिली, 1892 चीच दहा लाखांवर विकली गेली. आणि 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला मारताना अनंत कान्हेऱ्यांच्या हातात होतं ते पिस्तूलही ब्राउनिंग, सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर चोरून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी. म्हणजे एकाच डोक्यातून निघालेली दोन हत्यारं आपल्या गावात आली. एकाच्या आवाजानं गाव हादरलं, मैदानाला नाव पडलं. दुसरं पगाराची पिशवी सांभाळत पेठ रोडनं चालत राहिलं. मला हे सापडल्यावर इतकं भारी वाटलं की मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. मावशीनं नमस्काराचे हात पाठवले, मामानं काहीच नाही, मामीनं विचारलं रविवारी जेवायला येणार का.

राहता राहिली मामाची मेलेली बंदूक. तर 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या 45 व्या कलमात सूट आहे खरी, जुन्या पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. दुरुस्त करूनही नाही, हे महत्त्वाचं. नुसती म्हातारी असून भागत नाही. मामानं चाचांना पुन्हा जाऊन गळ घातली, द्या ना लिहून, बंद आहे म्हणून. चाचा म्हणाले, "शेठ, स्प्रिंग टाकली की वाजंल ही. मी कसं लिहू मेली म्हणून?" नळीला भोक पाडून वेल्डिंग मारणं हा एक मार्ग दादाला कोणीतरी सुचवला, त्यावर मामाच म्हणाला नको, काय वाट्टेल ते करा, भोक नको. का नको ते त्यालाही सांगता आलं नाही.

मग अर्ज केलाय मामानं, वारस म्हणून. पोलिसांची चौकशी होईल, कागद मागतील, तो त्या रांगांना आत्ताच वैतागलाय. रायफल दुकानातच, आडवी, तेलाचा हात मारून. तिथं ठेवायचं दर महिन्याचं भाडं चालू आहे आणि ते आतापर्यंत मामा भरत होता, आता तो म्हणतो शोकेस दादाला पाहिजे तर दादानं भरावं, दादा म्हणतो पॉलिश करू देत नाही तर मी का भरू, आणि दोघांचं एकमत फक्त एवढ्यावर झालंय की सगळ्यात जास्त पुळका मला आहे तर मी भरावं. पुढच्या महिन्यापासून बहुतेक मलाच भरावं लागणार.